उफाळून शांत होणाऱ्या ताऱ्यांची नाडी

उमरोळी परिसरात कुणाचा हात मोडला, छातीत कफ साचला, की त्याला पालघरला किंवा बोईसरला एक्स-रे काढायला नेतात. त्यामुळे एक्स-रे म्हणजे दवाखान्यातल्या यंत्रातून निघणारे किरण, अशीच बहुतेकांची समजूत असते. प्रत्यक्षात हेच क्ष-किरण आकाशातूनही येत असतात. त्यांचे काही उगम तर फार विलक्षण आहेत. वर्षानुवर्षे ते शांत पडून असतात. मग एक दिवस अचानक उफाळतात आणि काही आठवडे साऱ्या आकाशातल्या प्रखर क्ष-किरण स्रोतांमध्ये जाऊन बसतात. या काळात त्यांचे किरण ठराविक ठोक्याने कमी-जास्त होतात, मनगटावर नाडी लागावी तसे. मग ते पुन्हा विझतात.

वृषपर्वा तारकासमूहातला ‘सीफियस एक्स-४’ हा असाच एक स्रोत. १९७२ मध्ये अमेरिकेच्या ‘ओएसओ-७’ या उपग्रहाला तो पहिल्यांदा दिसला. पुढे १९८८ मध्ये जपानच्या ‘गिंगा’ उपग्रहाने त्याचा उद्रेक टिपला, तेव्हा कळले की त्याला ठोके आहेत. साधारण ६६ सेकंदांनी एक. जुलै १९९७ मध्ये तो पुन्हा जागा झाला, तेव्हा त्याची नाडी पाहायला भारताचे उपकरण अवकाशात हजर होते. २०१८ च्या उद्रेकातही होते. ही दोन्ही उपकरणे घडवण्यात मुंबईच्या कुलाब्यातील टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा, म्हणजे टीआयएफआरचा, मोठा वाटा होता. उमरोळीपासून रेल्वेने शंभरेक किलोमीटरवर असलेल्या या संस्थेत अर्धशतकाहून अधिक काळ आकाशातल्या क्ष-किरणांचा अभ्यास चालू आहे.

या अभ्यासातली खरी अडचण एकच. रोगी कधी तापणार हे कुणालाच ठाऊक नसते, आणि तो तापलेला असतानाच तपासावा लागतो.

पालघर-बोईसर मावेल एवढा तारा

सूर्यापेक्षा आठ-दहा पटींहून अधिक वस्तुमानाचा तारा इंधन संपल्यावर कोसळतो. त्याचे बाहेरचे थर स्फोटाने उडून जातात आणि आतला गाभा इतका दाबला जातो की त्याचा न्यूट्रॉन तारा बनतो. त्याचे वस्तुमान सूर्याच्या साधारण दीड पट, पण व्यास जेमतेम वीस ते पंचवीस किलोमीटर. नकाशावर उमरोळी स्टेशन मधोमध धरून दहा-बारा किलोमीटर त्रिज्येचे वर्तुळ काढले, तर पालघर आणि बोईसर दोन्ही त्यात येतात. तेवढ्या गोळ्यात आख्खा सूर्य आणि वर निम्मा सूर्य कोंबला आहे, असे समजायचे. त्यातल्या चमचाभर द्रव्याचे वजन अब्जाहून अधिक टन भरेल.

असा तारा एकटा असेल आणि तरुण असेल, तर तो बहुधा रेडिओ लहरींचे ठोके देतो. असे पहिले ठोके १९६७ मध्ये केंब्रिजमध्ये जॉसेलिन बेल या संशोधक विद्यार्थिनीने पकडले. या ताऱ्यांना स्पंदक किंवा पल्सार हे नाव पडले.

क्ष-किरण देणाऱ्या स्पंदकांची गोष्ट वेगळी आहे. ते एकटे नसतात. त्यांना एक जोडीदार तारा असतो आणि दोघे एकमेकांभोवती फिरत असतात. जोडीदाराचे द्रव्य न्यूट्रॉन ताऱ्यावर पडते. पडताना त्याचा वेग प्रकाशाच्या वेगाच्या जवळपास निम्म्यावर जातो. ते पृष्ठभागावर आदळते आणि कोट्यवधी अंशांपर्यंत तापते. एवढी तापलेली वस्तू साध्या प्रकाशाऐवजी प्रामुख्याने क्ष-किरणांतच चमकते.

पडण्यातून किती ऊर्जा निघावी? तारापूरच्या अणुऊर्जा केंद्रात युरेनियमचे विखंडन होते, तेव्हा वस्तुमानाचा साधारण ०.१ टक्का भाग ऊर्जेत बदलतो. सूर्याच्या पोटात हायड्रोजनचे हेलियम होताना हे प्रमाण ०.७ टक्का असते. न्यूट्रॉन ताऱ्यावर नुसते पडण्याने दहा ते वीस टक्के वस्तुमानाइतकी ऊर्जा बाहेर पडते. अणुभट्टीला जे जमत नाही ते इथे केवळ गुरुत्वाकर्षण करते.

ठोके येतात ते ताऱ्याच्या चुंबकत्वामुळे. न्यूट्रॉन ताऱ्याचे चुंबकीय क्षेत्र इतके जबर असते की पडणारे द्रव्य सगळीकडे पसरू शकत नाही. ते दोन चुंबकीय ध्रुवांकडे वळवले जाते. तिथे दोन तप्त ठिपके तयार होतात. तारा स्वतःभोवती फिरतो तसे हे ठिपके दीपगृहाच्या दिव्यासारखे आपल्यासमोर येतात आणि जातात. उपकरणाला किरण कमी-जास्त होताना दिसतात. तीच ती नाडी.

ताप का चढतो?

पण मग हे स्रोत वर्षानुवर्षे शांत का राहतात? याचे उत्तर जोडीदारात आहे.

अधूनमधून उफाळणाऱ्या बहुतेक क्ष-किरण स्पंदकांचा जोडीदार ‘बीई’ प्रकारचा तारा असतो. हा तारा सूर्यापेक्षा कितीतरी मोठा, निळसर-पांढरा आणि स्वतःभोवती फार वेगाने फिरणारा. त्या वेगामुळे त्याच्या विषुववृत्तावरून वायू सुटतो आणि भोवती थाळीसारखी चकती तयार होते. ही चकती कायम नसते. ती भरते, पसरते, कधी विरून जाते, पुन्हा भरते. या ताऱ्यांचा पहिला नमुना रोममधले खगोलशास्त्रज्ञ आंजेलो सेक्की यांनी १८६६ मध्ये ओळखला. तो होता शर्मिष्ठा तारकासमूहातल्या ‘एम’ आकाराचा मधला तारा. तो साध्या डोळ्यांनी सहज दिसतो.

न्यूट्रॉन तारा अशा जोडीदाराभोवती लांबुळक्या कक्षेत फिरतो. बराच काळ तो दूर असतो, तेव्हा त्याला खायला काही मिळत नाही. कक्षेच्या जवळच्या टोकाला आला की तो चकतीच्या काठाशी जातो, थोडा वायू ओढून घेतो आणि काही दिवस चमकतो. असा लहान उद्रेक प्रत्येक फेरीला ठराविक वेळी येऊ शकतो. दिवसाआड थंडी वाजून येणाऱ्या हिवतापासारखे त्याचे वेळापत्रक असते.

दुसऱ्या प्रकारचा उद्रेक मात्र वेळापत्रक पाळत नाही. जोडीदाराची चकती फार फुगली, तिरपी झाली किंवा विस्कटली, तर एकदम खूप द्रव्य न्यूट्रॉन ताऱ्याच्या हाती लागते. मग तो महिना-दोन महिने पेटलेला राहतो. लहान उद्रेकांपेक्षा दहापट किंवा त्याहूनही प्रखर होतो. असा महाउद्रेक कधी पाच वर्षांनी येतो, कधी वीस वर्षांनी. चकतीची स्थिती पाहून अंदाज बांधता येतो, तारीख सांगता येत नाही.

डोक्यावरची ढाल

उमरोळीच्या किनारपट्टीवरून कितीही मोठी दुर्बीण रोखली तरी यातला एकही क्ष-किरण दिसणार नाही. पृथ्वीचे वातावरण तो अडवते. आपल्या डोक्यावरच्या सगळ्या हवेचे वजन केले, तर ते दहा मीटर खोल पाण्याच्या थराएवढे भरते. अणुभट्टीतून काढलेले वापरलेले इंधन पाण्याच्या खोल हौदात ठेवतात. त्या पाण्याने किरणोत्सर्ग अडतो. निसर्गाने तसाच हौद आपल्या डोक्यावर ठेवला आहे. त्यामुळे आकाशातल्या क्ष-किरणांपासून जमिनीवरच्या माणसाला कसलाही धोका नाही. मात्र त्यांचा अभ्यास करायचा तर या ढालीच्या वर जावे लागते.

१८ जून १९६२ रोजी रिकार्डो जियाकोनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतून एक रॉकेट सोडले. चंद्रावरून क्ष-किरण येतात का, हे पाहण्याचा उद्देश होता. सापडला तो वृश्चिक राशीतला एक अतिप्रखर स्रोत. सूर्याखेरीज दुसऱ्या ताऱ्याच्या जगातून आलेले क्ष-किरण माणसाने पहिल्यांदाच पाहिले. जियाकोनींना या क्षेत्रातल्या कामासाठी २००२ मध्ये नोबेल मिळाले. १२ डिसेंबर १९७० रोजी केनियाच्या किनाऱ्याजवळून ‘उहुरू’ हा केवळ क्ष-किरणांसाठी बनवलेला पहिला उपग्रह गेला. उहुरू म्हणजे स्वाहिली भाषेत स्वातंत्र्य. त्याने १९७१ मध्ये ‘सेंटॉरस एक्स-३’ या स्रोताचे ४.८ सेकंदांचे ठोके पकडले आणि क्ष-किरण स्पंदकांची ओळख पटली.

भारतात हे काम टीआयएफआरमध्ये बी. व्ही. श्रीकांतन यांच्या पुढाकाराने सुरू झाले. रॉकेटऐवजी इथे फुगे वापरले गेले. प्लास्टिकच्या पातळ कापडाचे अवाढव्य फुगे हैदराबादहून सोडायचे, उपकरण त्यांना टांगायचे आणि वातावरणाचा बहुतेक भाग खाली राहील एवढ्या उंचीवर काही तास मोजणी करायची. १९६८ मध्ये वृश्चिकातल्या त्याच प्रखर स्रोताचे निरीक्षण असे झाले. १९७५ च्या ‘आर्यभट्ट’ या पहिल्या भारतीय उपग्रहावरही क्ष-किरणांचे उपकरण होते, पण वीजपुरवठ्यातल्या बिघाडामुळे काही दिवसांतच वैज्ञानिक उपकरणे बंद करावी लागली.

पुढची मोठी संधी यायला एकवीस वर्षे लागली. मार्च १९९६ मध्ये ‘आयआरएस-पी३’ या उपग्रहावर टीआयएफआर आणि इस्रोने मिळून बनवलेली क्ष-किरण मोजणीयंत्रे गेली. उपग्रह मुख्यतः जमिनीच्या पाहणीसाठी होता. पण १९९७ मध्ये ‘सीफियस एक्स-४’ पेटला तेव्हा हीच यंत्रे त्याच्याकडे वळवली गेली आणि त्याच्या ठोक्यांचा आलेख मिळाला.

गॅसची पेटी आणि तारा

२८ सप्टेंबर २०१५ रोजी श्रीहरिकोटाहून पीएसएलव्ही-सी३० ने ‘अॅस्ट्रोसॅट’ ही भारताची पहिली अवकाश वेधशाळा कक्षेत नेली. साधारण दीड टनाचा हा उपग्रह ६५० किलोमीटर उंचीवरून अतिनील किरणांपासून कठोर क्ष-किरणांपर्यंत एकाच वेळी पाहतो. स्पंदकांसाठी त्यातले सर्वांत मोलाचे उपकरण म्हणजे ‘लॅक्सपीसी’. ते टीआयएफआरमध्ये घडले. प्रल्हादचंद्र अग्रवाल हे त्याचे पहिले प्रमुख शास्त्रज्ञ.

लॅक्सपीसी म्हणजे झेनॉन आणि थोडा मिथेन भरलेल्या तीन मोठ्या पेट्या. आत बारीक तारांच्या रांगा ताणलेल्या. क्ष-किरणाचा एक कण आत शिरला की तो झेनॉनच्या अणूतून इलेक्ट्रॉन उडवतो. तो इलेक्ट्रॉन आणखी इलेक्ट्रॉन उडवतो. या लोंढ्याचा बारीकसा विद्युत झटका तारेवर नोंदला जातो. झटका जेवढा मोठा, तेवढी त्या कणाची ऊर्जा जास्त. प्रत्येक कण कधी आला याची वेळ सेकंदाच्या एक लाखाव्या भागापर्यंत नोंदली जाते. ३ ते ८० किलोइलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जेचे कण त्यात मोजता येतात.

हा पल्ला दवाखान्यातल्या यंत्राच्या जवळचाच आहे. स्तनांच्या मॅमोग्राफीसाठी क्ष-किरण नळीला साधारण २५ ते ३० किलोव्होल्टचा दाब देतात. हाता-पायाच्या फोटोसाठी ५०-६०, छातीसाठी शंभराच्या आसपास. जितके किलोव्होल्ट, जास्तीत जास्त तितक्याच किलोइलेक्ट्रॉन व्होल्टचे किरण त्यातून निघतात. म्हणजे आकाशातला स्पंदक आणि पालघरमधले एक्स-रे यंत्र एकाच जातीचे किरण देतात. फरक एवढाच की दवाखान्यात किरण माहीत असतात आणि हाड शोधायचे असते. आकाशात नुसते किरण मिळतात, त्यावरून यंत्र कसे आहे ते ओळखायचे असते.

नाडी कशी पाहतात?

वैद्य नाडी पाहताना तीन गोष्टी बघतो: वेग, नियमितपणा आणि जोर. खगोलशास्त्रज्ञही तेच करतात.

वेग काढायला आलेल्या कणांच्या वेळांची लांबलचक यादी घेतात. एखादा कालावधी धरून, समजा ६६ सेकंद, त्या यादीचे ६६-६६ सेकंदांचे तुकडे पाडून एकावर एक रचतात. कालावधी चुकीचा असेल तर चढ-उतार एकमेकांना खोडतात आणि सपाट रेघ उरते. बरोबर असेल तर ठोक्याचा आकार वर येतो. संगणक असे हजारो कालावधी तपासून पाहतो.

नियमितपणात तर कितीतरी माहिती दडलेली असते. उमरोळी स्टेशनवर उभे राहिले आणि न थांबणारी मेल गाडी शिट्टी देत आली, की ती येताना शिट्टी चढी लागते आणि निघून जाताना उतरते. न्यूट्रॉन तारा कक्षेत आपल्याकडे येतो तेव्हा ठोके जरा लवकर लवकर पडतात, दूर जातो तेव्हा लांबतात. या फरकावरून त्याची कक्षा किती दिवसांची, किती लांबुळकी आणि जोडीदार किती जड, हे काढता येते. तो तारा वेगळा दिसत नसला तरी चालते.

हा फरक वजा केल्यावरही ठोका बदलताना दिसला, तर तारा खरोखरच वेगाने फिरू लागला आहे. पडणारे द्रव्य त्याला फिरवत असते, हात मारून भोवरा फिरता ठेवावा तसे. हंस तारकासमूहातला ‘जीआरओ जे२०५८+४२’ हा स्पंदक १९९५ मध्ये सापडला तेव्हा त्याचा ठोका १९८ सेकंदांचा होता. २०१९ मध्ये तो पुन्हा उफाळला तेव्हा ठोका १९४ सेकंदांच्या थोडा वर आला होता. पालघर-बोईसरएवढा, पण सूर्यापेक्षा जड गोळा चार सेकंदांनी चपळ झाला होता.

एमआरआयच्या वीस कोटी पट

किरणांच्या जोरावरून आणखी एक गोष्ट कळते, ती म्हणजे ताऱ्याचे चुंबकत्व.

जबर चुंबकीय क्षेत्रात इलेक्ट्रॉनला हव्या त्या कक्षेत फिरता येत नाही. ठराविक पायऱ्यांवरच राहावे लागते. एका पायरीवरून दुसरीवर चढायला लागेल तेवढ्याच ऊर्जेचे क्ष-किरण तो अडवतो. त्यामुळे किरणांच्या आलेखात त्या ऊर्जेवर खाच पडते, एक्स-रे फिल्मवर हाडाची सावली पडावी तशी. या खाचेला सायक्लोट्रॉन रेषा म्हणतात. ती कोणत्या ऊर्जेवर आहे यावरून चुंबकीय क्षेत्र सरळ मोजता येते. १९७६ मध्ये एका जर्मन गटाने फुग्यातून ‘हर्क्युलस एक्स-१’ या स्पंदकाकडे पाहिले, तेव्हा अशी रेषा पहिल्यांदा सापडली.

‘सीफियस एक्स-४’ ची खाच ३० किलोइलेक्ट्रॉन व्होल्टच्या आसपास आहे, म्हणजे जवळपास मॅमोग्राफीच्या किरणांवर. त्यावरून त्याचे चुंबकीय क्षेत्र सुमारे तीन लाख कोटी गॉस निघते. पृथ्वीचे क्षेत्र अर्ध्या गॉसच्या आसपास असते. रुग्णालयातल्या दीड टेस्लाच्या एमआरआय यंत्राचे पंधरा हजार गॉस. म्हणजे हा तारा एमआरआयच्या वीस कोटी पट. माणसाने प्रयोगशाळेत स्थिरपणे टिकवलेले सर्वांत जबर क्षेत्र ४५ टेस्लांच्या घरात, म्हणजे साडेचार लाख गॉस आहे. अशा क्षेत्रात द्रव्य कसे वागते हे पाहायला दुसरी प्रयोगशाळाच नाही. या संशोधनाचा उपयोग काय, या प्रश्नाचे पहिले उत्तर हेच आहे.

लॅक्सपीसीच्या कामाचे मोल इथे दिसते. २०१८ च्या मार्चमध्ये तिच्या तीन पेट्यांपैकी एक गॅसगळतीमुळे बंद करावी लागली, दुसरीची क्षमता उतरली. त्यानंतरच्या मोजमापांचा भार मुख्यतः उरलेल्या एका पेटीवर आला. तरीही त्याच वर्षी ‘सीफियस एक्स-४’ चा उद्रेक तिने टिपला. एप्रिल २०१९ मध्ये ‘जीआरओ जे२०५८+४२’ कडे रोखल्यावर त्याची सायक्लोट्रॉन रेषा तर मिळालीच, शिवाय तिच्या वरच्या पायऱ्याही दिसल्या. कल्लोल मुखर्जी, एच. एम. आंटिया आणि टिळक कटोच यांनी हे निष्कर्ष २०२० मध्ये प्रसिद्ध केले. यातल्या मुखर्जींनी १९९७ च्या उद्रेकातली ‘सीफियस एक्स-४’ ची नाडीही तपासली होती आणि २०१८ च्या उद्रेकावरचे कामही त्यांचेच. एकाच रोग्याचा तक्ता दोन दशकांच्या अंतराने त्याच हाताने लिहिला.

शर्मिष्ठेतला पाहुणा

गेल्या काही वर्षांतले दोन उद्रेक या क्षेत्रातल्या लोकांना कायम लक्षात राहतील.

पहिला ३ ऑक्टोबर २०१७ चा. नासाच्या ‘स्विफ्ट’ उपग्रहाला शर्मिष्ठा तारकासमूहात आधी कधीच न दिसलेला प्रखर स्रोत आढळला. लगेच त्याचे ९.८६ सेकंदांचे ठोकेही मिळाले. जगभरच्या वेधशाळांना तातडीचे निरोप गेले. त्याच महिन्यात अॅस्ट्रोसॅटने तो दोनदा पाहिला, एकदा तेज चढत असताना आणि नंतर ते कितीतरी वाढलेले असताना. अरु बेरी आणि सहकाऱ्यांनी या नोंदींचा अभ्यास केला. तेज वाढलेले असताना त्याचे ठोके १५० किलोइलेक्ट्रॉन व्होल्टपर्यंत उमटत होते.

हा स्रोत इतका गाजला याला कारण आहे. पडणाऱ्या द्रव्यातून प्रकाश निघतो आणि तो प्रकाशच मागून येणाऱ्या द्रव्याला बाहेर ढकलतो. त्यामुळे तेजाला एक मर्यादा असते. तिला एडिंग्टन मर्यादा म्हणतात. २०१४ मध्ये ‘एम-८२’ या दुसऱ्या दीर्घिकेत ही मर्यादा कितीतरी पटींनी ओलांडणारा स्पंदक सापडला, तेव्हा सगळे चकित झाले होते. शर्मिष्ठेतल्या पाहुण्याने ती मर्यादा सुमारे दहा पटींनी ओलांडली, आणि तीही आपल्या आकाशगंगेत. पुढे चीनच्या ‘इनसाइट’ उपग्रहाला त्याची सायक्लोट्रॉन रेषा १४६ किलोइलेक्ट्रॉन व्होल्टवर मिळाली. त्यावरून निघालेले चुंबकीय क्षेत्र ‘सीफियस एक्स-४’ च्या जवळपास पाचपट आहे.

दुसरा उद्रेक नोव्हेंबर २०२० चा. वृषभ राशीतला ‘ए ०५३५+२६’ हा स्पंदक १९७५ मध्ये ब्रिटनच्या ‘एरियल-५’ उपग्रहाला सापडला होता, तोही शेजारच्या खेकडा तेजोमेघाकडे पाहताना. याचा ठोका १०४ सेकंदांच्या आसपास, फेरी १११ दिवसांची. २०२० मध्ये, जग कोविडने घरात बसले असताना, हा स्पंदक कठोर क्ष-किरणांत खेकडा तेजोमेघाच्या सुमारे बारा पट प्रखर झाला. पंचेचाळीस वर्षांत तो इतका कधीच पेटला नव्हता.

पहारा थांबला तर?

या साऱ्या कथांमध्ये एक गोष्ट समान आहे. उद्रेक सुरू झाला हे कुणीतरी पाहिले म्हणून पुढचे सगळे घडले. साथीच्या रोगात पहिला रुग्ण ओळखणारी नजर महत्त्वाची असते, मोठे रुग्णालय नंतर. इथेही मोठी दुर्बीण नंतर येते. आधी साऱ्या आकाशावर रोज नजर फिरवणारा पहारेकरी लागतो.

आज हे काम मोजके पहारेकरी करतात. स्विफ्ट २००४ मध्ये गेला. सूर्य अधिक सक्रिय झाल्यामुळे वरचे वातावरण फुगले आणि त्याची कक्षा गेल्या काही वर्षांत झपाट्याने खाली आली. ‘फर्मी’ २००८ पासून काम करतो आहे. जपानचा ‘मॅक्सी’ २००९ पासून आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावर आहे, आणि ते स्थानकच २०३० च्या सुमारास निवृत्त करायचे ठरले आहे. अॅस्ट्रोसॅटचे ठरवलेले आयुष्य पाच वर्षांचे होते. तो त्यापुढेही काम करत राहिला, हे बनवणाऱ्यांचे कसब.

नवे काही येत नाही असे नाही. १ जानेवारी २०२४ रोजी इस्रोने ‘एक्सपोसॅट’ पाठवला. त्यावरचे बंगळुरूच्या रामन संशोधन संस्थेचे ‘पोलिक्स’ उपकरण क्ष-किरणांच्या कंपनाची दिशा मोजते. स्पंदकाच्या ध्रुवावरून किरण नेमके कसे बाहेर पडतात, हे त्यातून कळू शकते. पण तेही एका वेळी एकाच स्रोताकडे बारकाईने पाहणारे उपकरण आहे. सारे आकाश सतत पाहण्यासाठी ‘दक्ष’ या दोन उपग्रहांच्या जोडीचा प्रस्ताव आयआयटी मुंबईचे वरुण भालेराव आणि टीआयएफआर, पुण्याचे आयुका अशा संस्थांतल्या शास्त्रज्ञांनी मांडला आहे. त्याचा मुख्य हेतू गुरुत्वीय लहरींच्या स्रोतांचा आणि गॅमा किरणांच्या स्फोटांचा माग काढणे हा आहे. पण चोवीस तास उघडी असलेली नजर उफाळणारे स्पंदकही पाहणारच.

अशी नजर मध्येच काही वर्षे मिटली तर काय होईल? तारे उफाळायचे थांबणार नाहीत. ते पेटतील, ठोके देतील आणि विझतील. ती पाने मात्र त्यांच्या तक्त्यात कोरी राहतील. ज्या रोग्याला वीस वर्षांत एकदा ताप येतो, त्याच्या तक्त्यातले एक पान गेले म्हणजे संशोधकाची अर्धी कारकीर्द गेली.

पालघर जिल्ह्यातल्या विज्ञानाच्या विद्यार्थ्यांसाठी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. अॅस्ट्रोसॅटच्या नोंदी २०१८ पासून सर्वांसाठी खुल्या होत गेल्या. इस्रोच्या संग्रहातून त्या कुणालाही विनामूल्य घेता येतात, आणि त्या वापरायला मदत करणारा कक्ष पुण्यात आयुकात आहे. साधा संगणक, इंटरनेट आणि चिकाटी एवढ्यावर ‘सीफियस एक्स-४’ चे ६६ सेकंदांचे ठोके महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यालाही शोधता येतील. ते ठोके त्या आकड्यांमध्ये आहेतच. नाडीवर बोट ठेवणारा हवा.

आणि ज्यांना एवढे करायचे नाही, त्यांनी नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये संध्याकाळी बोईसरच्या दिव्यांपासून थोडे दूर, उत्तरेकडे तोंड करून उभे राहावे. ध्रुवताऱ्याच्या वर शर्मिष्ठेचे पाच तारे दिसतील. त्यातला मधला तारा सेक्कींचा. २०१७ चा पाहुणा त्याच तारकासमूहात आहे, डोळ्यांना न दिसणारा. तो पुन्हा कधी उफाळेल हे कुणी सांगू शकत नाही, म्हणून पहारा चालू ठेवायचा.